एकोणीस दिवसांच्या आधीचे अण्णा

"मॅडम, डोळे मिटले की नळ्या दिसतात. अण्णा दिसतच नाहीत."

टिळक रस्त्यामागच्या गल्लीतल्या माझ्या समुपदेशनाच्या दोन खोल्यांत हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडून ऐकलेलं आहे. कधी अण्णांच्या जागी बाबा असतात, कधी दादा, कधी नुसतेच 'आमचे हे'. नळ्यांच्या जागी कधी सुजलेली पावलं असतात, कधी रात्रीचा घरघरणारा श्वास. मागोमाग येणारा प्रश्न मात्र जवळजवळ ठरलेला: एवढं मोठं आयुष्य सोडून मला नेमकं हेच का आठवतं? माझ्या मायेतच काही कमी होतं का?

हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदा नीट उत्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. त्यासाठी मी सुनंदाची हकिकत निवडली. हे तिचं खरं नाव नाही आणि ओळख पटेल असे तपशील मी बदललेत. लिहिण्यापूर्वी तिची परवानगी घेतली. "लिहा, पण शुद्ध लिहा," एवढीच तिची अट होती. ती अट का, ते पुढे येईलच.

सुनंदा आली ती जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आठवड्यात. पन्नाशीची, बँकेत अधिकारी. रेनकोट बाहेर निथळत टांगून आत आली, पर्स मांडीवर घेतली आणि लेखापरीक्षकासमोर बसावं तशी ताठ बसून सांगायला लागली. वडील जानेवारीत गेले, ऐंशीव्या वर्षी. न्यूमोनिया. दाखल केल्यावर दुसऱ्या दिवशी आयसीयू. सोडियम उतरलेलं. तिसऱ्या रात्रीपासून ते असंबद्ध बोलायला लागले. सलाईन उपसलं, नाकातली नळी ओढली. मग हात कॉटला बांधायचं ठरलं, त्या कागदावर हिने सही केली.

"दुसऱ्या दिवशी आत गेले तर मला म्हणाले, बाई, तेवढं सोडता का हो? मला 'बाई' म्हणाले, मॅडम. 'अहो' म्हणाले."

एकोणिसाव्या दिवशी ते गेले. तिच्या मनात ते अजून तिथेच होते, बांधलेल्या हातांनी. बोटं मात्र मोकळी होती आणि ती सतत हवेत काहीतरी वेचत असायची. हे वेचणं तिला सगळ्यात जास्त छळत होतं. बोलतानाही ती स्वतःची बोटं मुठीत घट्ट धरून बसली होती.

घरी काय चाललंय, विचारलं. काहीच नाही, म्हणाली. हॉलमध्ये हार घातलेला फोटो आहे, त्याखालून जाताना ती मान खाली घालते. मुलगा नववीत. आजोबांचा विषय कुणी काढत नाही, कारण काढला की ही रडते. भेटायला येणारे म्हणतात, सोनं झालं, नातवंड पाहिलं, आणखी काय हवं? "सोनं कसलं झालं? मी पाहिलंय ना काय झालं ते."

आधी तिला एक गोष्ट सांगून टाकली, कारण ती विचारायला ती बिचकत होती. हे वेडाचं लक्षण नाही आणि आजारही नाही, निदान अजून तरी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या तीव्र शोकाला वेगळं निदान दिलं आहे. पण त्यासाठी किमान सहा महिने तरी उलटलेले असावे लागतात आणि रोजचं जगणं कोलमडलेलं असावं लागतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निकषांत मोठ्या माणसांसाठी ही मुदत वर्षाची आहे. सुनंदाला पाच महिने झाले होते. ती कामावर जात होती, डबा करत होती, झोप तुटक असली तरी लागत होती. झोप पार उडाली असती, जेवण सुटलं असतं किंवा 'मलाही आता नको हे सगळं' असं काही बोलली असती, तर मी त्याच दिवशी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं तसं होत असेल तर हा लेख पुढे वाचत बसू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट मिळते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मग तिचा मूळ प्रश्न. हेच का आठवतं?

आपल्याकडे म्हणतात, ज्याचा शेवट गोड ते सारंच गोड. ही म्हण करणाऱ्याला माणसाची आठवण कशी चालते ते चांगलंच ठाऊक असणार. रेडेलमायर नावाचे डॉक्टर आणि पुढे २००२ मध्ये नोबेल मिळवणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घेणाऱ्या रुग्णांना मिनिटामिनिटाला 'किती दुखतंय' असं विचारलं आणि नंतर एकूण अनुभव कसा होता तेही विचारलं. नंतरचं उत्तर ठरलं ते दोनच गोष्टींवरून: सगळ्यात जास्त दुखलं तो क्षण आणि शेवटचे काही क्षण. तपासणी किती वेळ चालली याला आठवणीत जवळपास किंमतच नव्हती.

सुनंदाच्या बाबतीत दुर्दैवाने दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आल्या होत्या. सगळ्यात कठीण दिवस तेच आणि शेवटचेही तेच. वर भीती. भ्यालेलं मन ठसा फार खोल उमटवतं, कारण पुढच्या वेळी सावध राहायचं असतं. त्याला काय माहीत, की पुढची वेळ नाही? यात मायेचा हिशेब कुठेच येत नाही. "तुम्ही बँकेतल्या," मी म्हटलं, "एकूण दिवस काढा बरं." तिने तोंडीच काढले. साधारण एकोणतीस हजार. त्यातले एकोणीस.

आकडा ऐकून तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तिला नुसता तो आकडा पटला. आकडा पटणं आणि बरं वाटणं यांत फार अंतर आहे, हे मला इतक्या वर्षांनंतरही पुन्हा पुन्हा शिकावं लागतं.

त्यानंतर मी एक चूक केली, तीही सांगायला हवी. बाजारात मिळणारा तयार उपाय मी तिला दिला: वडिलांच्या सुंदर आठवणी लिहा, रोज एक, फोटो लावा, वही करा. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन आली. सुंदर अक्षर. 'अण्णा अत्यंत प्रेमळ होते. अण्णा कष्टाळू होते. अण्णांनी आम्हाला काही कमी पडू दिलं नाही.' पाच पानं. सहाव्या पानापासून कोरी. "हे वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणासारखं झालंय," ती म्हणाली, "आणि हे लिहिल्यापासून नळ्या जास्तच दिसायला लागल्या."

अगदी खरं होतं. ज्याच्यात एकही दोष नाही असा माणूस डोळ्यांसमोर उभा राहत नाही, त्याचा फक्त फोटो होतो. आणि तो फोटो आयसीयूच्या चित्रापुढे टिकत नाही, कारण ते चित्र खरं असतं.

वही मिटून मी तिला विचारलं, "अण्णांचा राग कधी यायचा?"

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, हा संस्कार आपल्या हाडात आहे. तिने आधी पर्सचा बंद घट्ट केला. मग म्हणाली, "मला एस. पी. कॉलेजला जायचं होतं. मराठी घेऊन बी.ए. करायचं होतं. बारावीला मराठीत वर्गात पहिली होते. अण्णा म्हणाले, कॉमर्स. मी दोन दिवस जेवले नाही. ते म्हणाले, नको जेवू. अक्षरांनी पोट भरत नाही, आकड्यांनी भरतं. झालं. तेहतीस वर्षं आकडे करतेय मी."

हे म्हणताना तिचा चेहरा लाल झाला होता. त्या दिवशी ती पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली. अण्णा तिरसट होते. हॉटेलात नेलं तर मेनूकार्डातल्या चुका मोठ्यांदा वाचून दाखवायचे, वेटरसमोर लाज आणायचे. आईला कधी सिनेमाला नेलं नाही. वाड्यातल्या नळावर भांडायचे. लग्नात आलेल्या प्रत्येक पत्रिकेवर लाल पेनने खुणा करून ठेवायचे. जावयाच्या पहिल्या दिवाळीच्या शुभेच्छापत्रावरसुद्धा! हे सांगताना ती हसली आणि हसता हसता रडली. बांधलेल्या हातांवाचूनचे अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा खोलीत आले. तिरसट होते, लाल पेन घेऊन आले होते, पण आले.

अण्णा कंपोझिटर होते. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात तीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवत होते. नंतर मुद्रितशोधनाची कामं घरी आणून करायचे. हे तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, नोंदीसारखं. मी तेव्हा त्याच्याकडे नीट लक्ष दिलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, तुम्ही जन्मायच्या आधीपासून अण्णांना ओळखणारा कुणी शोधा. मुलीला बाप मिळतो तो तिशीतला, चाळिशीतला. त्याच्या आधी एक अख्खा माणूस होऊन गेलेला असतो, आणि पुढे म्हातारपणी नातवाला मिळतो तो आणखी तिसराच. आपल्याकडे जो आहे तो एकच तुकडा. बाकीचे इतरांकडे असतात, ते मागून आणावे लागतात. मन लावून एकटीने आठवत बसण्यापेक्षा हे बरं. ती म्हणाली, कुणी उरलंच नाही. मग थोड्या वेळाने: तेराव्याला एक गृहस्थ आले होते, कोपऱ्यात उभे राहिले, पंगतीला न बसता गेले. प्रेसमधले असावेत.

मध्यंतरी तिला मी तिच्या ओळखीच्या एका फिजिशियनकडेही पाठवलं, कारण ती सही माझ्या शब्दांनी पुसली जाणार नव्हती. तिला जे कुणी सांगितलं नव्हतं ते त्यांनी अर्धा तास बसून सांगितलं. जुनी माणसं याला 'वात झाला' म्हणायची, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. म्हातारपण, जंतुसंसर्ग, उतरलेलं सोडियम, रात्रंदिवस जळणारे दिवे, तुटलेली झोप, काही औषधं, सगळं एकत्र आलं की मेंदूचा तोल जातो. सकाळी बरं, संध्याकाळी बिघडलेलं, असं वरखाली होतं. आयसीयूतल्या वृद्धांमध्ये हे फार वेळा दिसतं. त्यात माणसं जवळच्यांना ओळखत नाहीत. त्याचा अर्थ ते त्यांना विसरले असा होत नाही. आणि हात बांधणं हा चांगला उपाय नाही, टाळता येईल तेवढा टाळावा असंच आता मानतात, कारण त्याने घालमेल वाढू शकते. पण त्या रात्री, तेवढ्या माणसांत, नळी पुन्हा उपसली गेली असती तर काय, हा प्रश्नही खोटा नव्हता. ते डॉक्टर मला आवडले. 'तुमचं काही चुकलं नाही हो' असं म्हणून त्यांनी तिची बोळवण केली नाही. बरोबर कोणतं हे कळायला वाव नसलेल्या ठिकाणी तुम्ही सही केलीत, असं म्हणाले. तिने ते वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं. जपून आणलं होतं.

ते प्रेसमधले काका सापडायला ऑगस्ट उजाडला. धायरीला मुलाकडे राहतात, वय पंच्याहत्तरच्या पुढे. सुनंदाने त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. त्या जेवणाची हकिकत तिने मला पुढच्या बैठकीत सांगितली, आणि ती बैठक तासाऐवजी दोन तास चालली. दारावरची पुढची माणसं खोळंबली, त्यांची मी माफी मागितली.

काका अण्णांना 'उस्ताद' म्हणत होते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ही गोष्ट सुनंदाने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की अण्णांनी 'त्या दिवशी सकाळी' म्हटलं की भावंडं पंगतीतून उठायची. पण अण्णा सांगायचे ते लकडी पुलावरच्या पाण्याचं. काकांनी सांगितलं ते पाणी ओसरल्यानंतरचं. अण्णा तेव्हा सतरा वर्षांचे, छापखान्यात झाडलोटीला लागून चारच महिने झालेले. आत गेले तर खिळ्यांच्या केसेस, म्हणजे खणाखणांच्या पेट्या, पालथ्या, सगळी अक्षरं गाळात. मराठीला इंग्रजीपेक्षा किती तरी जास्त खण लागतात. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, सगळ्यांचा चिखल झालेला. मालकांनी पोराला बसवलं: वेच. गोणपाट पसरून, बादलीत धुऊन, एकेक खिळा ओळखून वेगळा करायचा. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. काही आठवडे हेच काम. ते संपलं तेव्हा झाडलोटीचा पोरगा प्रेसमधल्या कुणाहीपेक्षा वेगाने उलटी अक्षरं वाचत होता. मालकांनी त्याच्या हातात स्टिक दिली, म्हणजे खिळे ओळीत जुळवायची पट्टी.

(हे मी थोडक्यात लिहिलं. काकांना त्याला आमटी निवेपर्यंत वेळ लागला.)

दुसरी गोष्ट पत्रिकेची. अण्णांनी ऐन लग्नसराईत रात्रपाळीला एक पत्रिका जुळवली, तिच्यात नवरदेवाच्या नावामागे 'चि. सौ. कां.' लागलं. तीनशे प्रती छापून झाल्या, प्रूफ कुणी वाचलंच नव्हतं. अण्णांनी स्वतःच्या पगारातून कागद आणून रातोरात पुन्हा जुळवणी केली. तेव्हापासून लाल पेन. सुनंदाला वाटायचं, दुसऱ्याच्या चुका काढायची खोड आहे.

आणि तिसरी. १९९१ मध्ये प्रेस बंद झाली. संगणकावर अक्षरजुळणी आली होती, खिळ्यांना कुणी विचारेना. सगळे खिळे शिसं म्हणून किलोच्या भावाने विकले. अण्णा दिवसभर तराजूजवळ उभे होते. घ्यायला आलेला माणूस फावड्याने भरत होता. काका म्हणाले, "उस्ताद म्हणाला, अरे, निदान 'ळ' वेगळे काढून घेऊ दे. मी विचारलं, 'ळ' च का? तर म्हणाला, उगाच."

सुनंदा मला हे सांगताना थांबली. "मॅडम, माझी बारावी त्याच जूनमध्ये. म्हणजे खिळे विकले आणि पंधरा दिवसांत मी त्यांना म्हटलं, मला मराठी घ्यायचंय. मी तारखा कधी शेजारी ठेवूनच पाहिल्या नव्हत्या."

मी काही बोलले नाही. तिचा राग त्याने गेला असं मात्र कुणी समजू नये. पुढच्याच वाक्यात ती म्हणाली, "तरी त्यांनी सांगायला हवं होतं." हवंच होतं. राग राहिला, पण आता त्याला मागचा पुढचा संदर्भ आला.

जेवणानंतर काकांनी तिच्या मुलाला दाखवलं, खिळे कसे जुळवतात ते. स्टिक नव्हती म्हणून डाव्या हातात त्याची कंपासपेटी धरली, अंगठा आत. उजवा हात हवेत फिरायला लागला. बघायचं नाही, खण पाठ असतात. तर्जनी आणि अंगठ्याने उचलायचं, डाव्या हातात ठेवायचं. उचल, ठेव. उचल, ठेव.

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात भांडी घेऊन उभी होती. तिने ती बोटं ओळखली.

इथे मला सावधपणे लिहायला हवं. डिलिरियममध्ये हवेत काहीतरी वेचणं, चादर चाळवणं हे लक्षण सर्रास दिसतं. ज्यांनी आयुष्यात छापखाना पाहिला नाही तेही वेचतात. अशा अवस्थेत जन्मभराच्या कामाच्या हालचाली हात करत राहतात, अशाही नोंदी डॉक्टरांनी करून ठेवल्या आहेत. अण्णांचं यांतलं कोणतं होतं, हे कुणीही सांगू शकत नाही, आणि हे मी सुनंदाला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितेय. पण मॅडम, आता ती बोटं दिसली की मागे प्रेस दिसते." मग थोड्या वेळाने, "हात बांधायला नको होते." ही दोन्ही वाक्यं तिने एका दमात म्हटली. मला वाटतं, ती बरी व्हायला लागली ती तिथून. एका वाक्याने दुसऱ्याला खोडलं नाही.

त्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली. काका गेल्यावर मुलगा आत गेला आणि लांबट वही घेऊन आला. दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. पाच वर्षं तो आणि आजोबा रोज संध्याकाळी फिरायला जायचे, बहुतेक वेळा सारसबागेपर्यंत. फिरणं म्हणजे दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका शोधणं. पाट्या लिहिण्याबद्दल पुणं एवढं मिरवतं, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत इथेही आनंदच आहे. ऱ्हस्व-दीर्घाला एक गुण, अर्थच बदलला तर दोन. वहीत दोन रकाने: 'आ' म्हणजे आजोबा, आणि 'मी'. 'जेष्ठ नागरिक कट्टा', आ, १. 'उर्जा', मी, १. 'उपहारगृह', मी, २, आणि पुढे शेरा: 'आजोबा म्हणाले इथे जेवण मिळणार नाही, भेटवस्तू मिळेल.' महिन्याला बेरीज. हरणाऱ्याने भेळ द्यायची.

सुनंदाने रात्री बसून बेरजा तपासल्या. सवयच ती. अण्णा जवळजवळ प्रत्येक महिन्यात दोन-तीन गुणांनी हरले होते. "'आशिर्वाद क्लिनिक' मुलाच्या खात्यात आहे, मॅडम. अण्णा त्या क्लिनिकवरून रोज जायचे. 'शी' चुकलेली त्यांना दिसली नाही? त्यांना?" पाच वर्षांच्या भेळेचा हिशेब तिने काढला होता का, ते मी विचारलं नाही.

मुलाने ती वही सात महिने दप्तराच्या मागच्या कप्प्यात लपवली होती. आई रडेल म्हणून. आई त्याच्यासमोर आजोबांचं नाव काढत नव्हती, तो कोमेजेल म्हणून. घराघरांत हे चालतं. एकमेकांना जपता जपता गेलेल्या माणसाचं नाव घरातून पुसलं जातं, आणि मग प्रत्येकाकडे एकेकट्याने सांभाळायला उरतं ते फक्त शेवटचं दृश्य. पोरं रडणाऱ्या आईला घाबरत नाहीत हो. गप्प बसलेल्या आईला घाबरतात. मला कुणी विचारलं, की या कामात सगळ्यात जास्त काय उपयोगी पडतं, तर मी सांगेन: जेवताना नाव काढा. 'अण्णा असते तर या भाजीला नाव ठेवलं असतं' एवढं पुरतं. पूर्वी शोकाचं काम म्हणजे गेलेल्याला सोडून देणं असं मानसशास्त्रातही मानत. १९९६ च्या सुमारास क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी उलट बाजू ठामपणे मांडली, की नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते तसं राहणं निरोगी असू शकतं. आपल्याकडे दरवर्षी पक्षात तीन पिढ्यांची नावं घेणाऱ्यांना हे वाचून नवल वाटणार नाही. पण नुसती नावं आणि गोत्र घेऊन भागत नाही. नावापुढे काहीतरी घडलेलं यावं लागतं. चि. सौ. कां. लागलेला नवरदेव यावा लागतो.

सप्टेंबरअखेर आम्ही थांबायचं ठरवलं. नळ्या अजून दिसतात का, विचारलं. दिसतात, म्हणाली. बहुतेक रात्री, झोपताना. पण आता एकट्या नसतात. कधी तराजू येतो, कधी भेळ. एकदा तर अण्णा आयसीयूतल्या सूचनाफलकाकडे बघून नाक मुरडताना दिसले, हे घडलेलं नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, पण घडू शकलं असतं.

शेवटच्या दिवशी मुलगा बरोबर होता. शाळेतून परस्पर आलेला, दप्तरासकट. तो आत आलाच नाही, दाराबाहेर उभा राहून माझी पाटी वाचत होता. 'भेट पूर्वनियोजीत वेळेनुसारच.' ही पाटी अकरा वर्षं तिथे आहे. तिच्याखालून शेकडो माणसं गेली, मी रोज जाते.

"मॅडम," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "'जि' पहिली हवी. ऱ्हस्व."

मी काय बोलणार? त्याने वही काढली, 'मी' च्या रकान्यात एक लिहिलं. सुनंदा चप्पल घालता घालता वर बघत होती. मग तिने पाटीच्या खालच्या ओळीकडे बोट केलं. 'कृपया चपला बाहेर काढाव्या. शांतता राखावि.'

"'वि'," ती म्हणाली. "दुसरी हवी. ही तुला दिसली नाही."

पोरगा चपापला. त्याने पेन उघडलं, वही भिंतीला टेकवली आणि थांबला.

"पण आई, 'आ' तर आजोबांचा आहे. तुझं काय लिहू?"

तिने क्षणभर विचार केला.

"ई लिही," म्हणाली. "दीर्घ."